‘हं’ म्हणणारं कुणीतरी

शनिवारी सकाळी दहा वाजता आमचा मराठी वर्ग भरतो. नागोयातली तीन मुलं, टोयोटा शहरातली दोन, ओकाझाकीचं एक आणि गिफूचं एक. स्क्रीनवर सात चौकोन. भारतात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, तरी पुण्याहून एक आजी चहाचा कप घेऊन आठव्या चौकोनात येऊन बसतात.

२०२०च्या मार्चमध्ये जपानभर शाळा बंद झाल्या, तेव्हा हा वर्ग ऑनलाइन झाला. सुरुवातीला गोंगाट नको म्हणून मी सगळ्यांना म्यूट करायचे. गोष्ट रंगायची नाही, आणि का ते कळायचं नाही. लहानपणी गोष्ट ऐकताना आपण ‘हं’ म्हणायचो, थांबलो की आजी विचारायची, “झोपलीस का गं?” जपानीत अशा हुंकाराला ‘आइझुची’ म्हणतात. ऐरणीवर दोन लोहार आळीपाळीने घाव घालतात, त्यावरून आलेला हा शब्द. मी मात्र एकटीच घाव घालत होते.

त्यात एका मुलाचा कॅमेरा कायम बंद. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, “आहेस ना रे, की झोपलास?” पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही. फोन केला, तर त्याची आई म्हणाली, “ताई, बोलताना मध्येच जपानी शब्द येतात, मुलं हसतील म्हणून तो गप्प बसतो. पण तुमची गोष्ट रात्री धाकट्या बहिणीला सांगतो. मराठीतून.”

मला फार वाईट वाटलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवले. २०२०चं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवणारे हे गुरुजी, शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड म्हणून आधी स्वतः कन्नड शिकले होते.

पुढच्या शनिवारी त्याला दहा मिनिटं आधी बोलावलं. “चुकलं माझं,” म्हटलं आणि शाळेच्या उन्दोकाईत, म्हणजे क्रीडादिनाला, काय केलंस ते विचारलं. “काकू, त्सुनाहिकी!” म्हणजे रस्सीखेच. त्याने मला शब्द दिला, मी त्याला.

तेव्हापासून वर्ग दहा मिनिटं आधी उघडतो, नुसत्या गप्पांसाठी. गोष्टीच्या वेळी कुणीही म्यूट नसतं. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, बाळं रडतात, चालतं. कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. रोज एक मूल मला एक जपानी शब्द शिकवतं, आणि माझ्या उच्चारांना सगळे पोटभर हसतात.

त्याचा कॅमेरा अजूनही बहुतेक वेळा बंदच असतो. पण त्या काळ्या चौकोनातून ‘हं’ येतो, आणि मग माझी गोष्ट पुढे जाते.