होतकरू खेळाडू आणि पुठ्ठ्यातील गुंतवणूक

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन येथे, भगिनीच्या घरी माझा महिनाभर मुक्काम होता. एके दिवशी तळघराची साफसफाई करताना भाच्याने जोड्यांच्या खोक्यांसारखी लांबट अशी सहा खोकी वर आणली. त्यांत बेसबॉल खेळाडूंची चित्रपत्रे, म्हणजेच तिकडील भाषेत 'कार्डे', ओळीने लावून ठेवलेली होती. १९९० ते १९९३ या काळात, दहा ते तेरा वर्षांच्या वयात, सकाळी घरोघर वर्तमानपत्रे टाकून मिळविलेले सुमारे दोन हजार डॉलर त्याने या कार्डांत घातले होते. "मामा, हे माझे कॉलेजचे पैसे होते. बाबा बँकेत टाक म्हणत होते, मी ऐकले नाही," तो हसत म्हणाला. ती खोकी घेऊन आम्ही जवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने वर्षे विचारली, पहिल्या खोक्याचे झाकण अर्धवट उचलून पुन्हा बंद केले आणि सहाही खोक्यांचे मिळून वीस डॉलर देऊ केले.

बँकेच्या कर्जविभागात हयात घालविलेल्या माणसास अशा वेळी हिशेब केल्याविना राहवत नाही. तेच दोन हजार डॉलर दरसाल ५ टक्के चक्रवाढीने ठेवले असते, तर ३३ वर्षांत त्यांचे पाचपट, म्हणजे दहा हजार झाले असते. परंतु मला कोडे पडले ते निराळेच. भाच्याची पारख सर्वस्वी चुकली नव्हती. त्याच्या खोक्यांत चिपर जोन्स या खेळाडूची डझनावारी कार्डे होती. १९९० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, अटलांटाने जोन्सची अगदी पहिली निवड केली होती. पुढे त्याने ४६८ होम रन काढल्या आणि २०१८ मध्ये 'हॉल ऑफ फेम'चा सर्वोच्च मानही मिळविला. होतकरू खेळाडू ओळखण्यात दहा वर्षांचा मुलगा यशस्वी ठरला होता, आणि तरीही त्याच्या हाती काही लागले नाही. असे का व्हावे?

तारणाची किंमत

उत्तर सोपे आहे. त्या वर्षांत कार्डे बेसुमार छापली गेली. १९५०-६० च्या दशकांतील कार्डे मुलांनी हाताळून फाडली, आयांनी रद्दीत घातली. म्हणून उरलेल्यांना मोल आले. टॉप्स कंपनीचे साय बर्गर यांनी सांगितलेली हकीकत प्रसिद्धच आहे. १९५२ च्या संचाच्या अखेरच्या भागातील न खपलेली कार्डे त्यांनी १९६० च्या सुमारास तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडविली. त्याच भागातील मिकी मँटलचे एक उत्तम अवस्थेतील कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले; विक्रेत्याने ते १९९१ मध्ये ५० हजारांस घेतले होते. अशा वार्ता ऐकूनच १९८० च्या दशकाअखेर घरोघरी कार्डे जपून ठेवण्याची लाट आली. सर्वांनीच जपले, म्हणून कोणाचेच दुर्मीळ राहिले नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप होऊन त्या वर्षीची 'वर्ल्ड सिरीज'ही रद्द झाली, तेव्हा लोकांचे या खेळावरील मनच उडाले. जोन्सचे १९९१ चे टॉप्स कार्ड साध्या अवस्थेत आजही दोन-चार डॉलरना मिळते.

कर्जाच्या परिभाषेत सांगावयाचे तर खेळाडू हा ऋणको आणि कार्ड हे तारण होय. ऋणको कितीही सचोटीचा असो, तारणाच्या लाखो प्रती बाजारात असतील तर त्यावर कर्ज देण्यात अर्थ नाही. केन ग्रिफी ज्युनिअरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८९ मध्ये अपर डेक या नवोदित कंपनीने आपल्या एका अगदी तरुण कर्मचाऱ्याच्या शिफारशीवरून, मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या या १९ वर्षांच्या मुलास आपल्या संचात क्रमांक १ दिला. छायाचित्रात त्याच्या डोक्यावर मायनर लीगच्या संघाची टोपी होती. ती रंगवून सिॲटलची करण्यात आली. ग्रिफीने ६३० होम रन काढल्या. पारख इतकी अचूक ठरल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल; परंतु त्या कार्डाला पीएसए या प्रमाणन संस्थेने १० पैकी १० गुण दिलेल्या प्रतीच चार हजारांहून अधिक आहेत.

या अनुभवाने उत्पादक शहाणे झाले. आता साध्या कार्डांबरोबर मोजक्या, क्रमांकित, चकचकीत पृष्ठाच्या आवृत्त्या निघतात. कोणतीही पन्नास, कोणतीही पाच, आणि 'सुपरफ्रॅक्टर' नावाची तर जगात एकच. बोमन या नाममुद्रेखाली खेळाडूचे जे पहिले स्वाक्षरीयुक्त क्रोम कार्ड निघते, त्यावर नवख्यांचा सगळा बाजार उभा आहे. मेजर लीगमधील पदार्पणानंतरच कार्डावर 'रुकी' ही अधिकृत खूण छापण्याचा नियम २००६ पासून लागू झाला, तरी जाणकारांचे लक्ष त्याआधीच्या बोमन कार्डावरच असते. दुर्मीळता आता कारखान्यातच निर्माण होते, हे मात्र विसरू नये. समुद्रात कार्डे बुडविण्याची गरजच उरलेली नाही.

ऋणकोची कुवत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १७-१८ वर्षांचा मुलगा पुढे नाव काढील की नाही, हे ओळखावे कसे? बेसबॉलमधील पारखी, ज्यांना 'स्काउट' म्हणतात, खेळाडूच्या प्रत्येक गुणास २० ते ८० या मापात आकडा देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सर्वसाधारण खेळाडू. फटका अचूक लागणे, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक असे हे पाच गुण आहेत. यांतील ताकद व वेग डोळ्यांना चटकन दिसतात आणि बाजार त्यांवरच भाळतो. माझ्या अल्प अभ्यासात मात्र असे दिसले की, बहुतेकांची घसरगुंडी पहिल्या गुणावर होते. बॅट चेंडूला लागतच नसेल तर ताकद काय कामाची? म्हणून फलंदाज किती वेळा 'स्ट्राइकआउट' होतो, आणि वाईट चेंडू सोडून देऊन 'वॉक' किती मिळवितो, हे दोन आकडे होम रनच्या आकड्याआधी पाहावेत.

दुसरी गोष्ट वयाची. मायनर लीगच्या सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या आहेत. डबल-ए मध्ये २४ वर्षांच्या खेळाडूने उत्तम खेळ केला तर त्यात नवल नाही. १९ वर्षांच्या मुलाने तेथे नुसता टिकाव धरला तरी त्याची नोंद घ्यावी. आकडे तेच, अर्थ वेगळा. माइक ट्राउटने २०११ च्या जुलैमध्ये १९ व्या वर्षी मेजर लीगमध्ये पदार्पण केले, तेव्हा ४० सामन्यांत त्याची सरासरी होती अवघी .२२०. ज्यांनी केवळ तो आकडा पाहिला ते निराश झाले असतील; ज्यांनी वय पाहिले त्यांनी वाट पाहिली. पुढच्याच वर्षी .३२६ सरासरी, ३० होम रन व ४९ चोरलेल्या बेससह तो एकमताने सर्वोत्तम नवोदित ठरला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड २५ वी होती, म्हणजे २४ निवडी त्याच्यावाचून झाल्या! त्याचे २००९ चे एकमेव स्वाक्षरीयुक्त सुपरफ्रॅक्टर २०१८ मध्ये सुमारे ४ लाख डॉलरना घेतले गेले आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ३९ लाख ३६ हजारांना गेले.

तिसरी गोष्ट मी जरा आग्रहाने सांगेन. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, याच्या कार्डावर पैसे लावताना दहा वेळा विचार करावा. 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाने १९९० पासून होतकरू शंभर खेळाडूंची यादी सुरू केली. तिच्या पहिल्या तीन वर्षांचे अग्रमानांकित तिघेही पिचरच होते. त्यांतील १९९१ चा टॉड व्हॅन पॉपेल ४० विजय व ५२ पराभव अशी कारकीर्द संपवून गेला. भाच्याच्या खोक्यांत जोन्सपेक्षाही त्याचीच कार्डे अधिक होती. १९९२ चा ब्रायन टेलर याची कथा अधिक करुण आहे. यांकीज संघाने १९९१ मध्ये १५ लाख ५० हजार डॉलर देऊन त्याला पहिल्या क्रमांकाने घेतले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये गावी भावाच्या बाजूने भांडणात पडताना त्याचा खांदा निखळला आणि मेजर लीगचे मैदान त्याला कधीच दिसले नाही. स्टीफन स्ट्रासबर्गने ८ जून २०१० रोजी पदार्पणातच १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले. त्याचे एकमेव सुपरफ्रॅक्टर त्या वर्षी सोळा हजार डॉलरहून अधिक किमतीस गेले होते. सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. तो सावरला, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरीही ठरला. पण त्यानंतर जेमतेम आठ सामन्यांत चेंडू टाकून २०२४ मध्ये निवृत्त झाला. मानवी कोपराची रचना शंभर मैल वेगाच्या फेकीसाठी झालेली नाही, एवढेच यावर म्हणता येईल.

आपल्या देशालाही या पारखीचा एक अनुभव आहे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून रिंकू सिंग व दिनेश पटेल या भालाफेकपटूंची निवड वेगमापक यंत्रावरून झाली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या जिद्दीस दाद द्यावी तेवढी थोडी. परंतु दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. वेग मोजता येतो, चेंडू हव्या त्या जागी पडणे मात्र वर्षानुवर्षांच्या सरावानेच साधते.

किमतीत आधीच काय भरले आहे?

इतके सर्व जाणूनही एक अडचण उरते, आणि ती भागबाजाराच्या वाचकांना परिचित आहे. सर्वांना ठाऊक असलेली सुवार्ता किमतीत आधीच मिसळलेली असते. अव्वल मानांकित खेळाडूचे कार्ड घेणारा, तो थोर होणार असे गृहीत धरूनच पैसे मोजतो. तो केवळ चांगला निघाला, तर तोटा. मेजर लीगमधून बोलावणे येण्याच्या दिवसांत किमती बहुधा कळसास पोहोचतात. त्यानंतर प्रत्येक सामना ही परीक्षा असते. मैदानाबाहेरचे धोके निराळेच. फर्नांडो टाटिस ज्युनिअरवर २०२२ च्या ऑगस्टमध्ये निषिद्ध द्रव्यापायी ८० सामन्यांची बंदी आली, ती कोणत्याही आकडेवारीत आधी दिसली नव्हती.

शिवाय हे धन व्याज देत नाही, लाभांश देत नाही. लिलावगृहे अंतिम बोलीवर सुमारे पाचवा हिस्सा अधिभार घेतात. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर आहे. अवस्थेचे प्रमाणपत्र हाही पूर्ण भरवसा नव्हे: होनस वॅग्नरच्या सर्वांत विख्यात कार्डाच्या कडा आपणच कापल्याची कबुली एका बड्या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली, आणि पीएसएने प्रमाणित केलेले ते पहिलेच कार्ड होते!

हे सारे मी भाच्याच्या अकरा वर्षांच्या मुलास ऐकविले, तेव्हा त्याच्याजवळ उत्तर तयार होते. "आजोबा, लॉस एंजेलिसमध्ये माझ्याच वयाच्या मुलाला पाकिटात पॉल स्कीन्सचे कार्ड सापडले. अकरा लाख डॉलरना विकले गेले!" गोष्ट खरी होती, मार्च २०२५ मधील तो लिलाव सर्वत्र गाजला होता. वाढदिवसांचे साठलेले तीनशे डॉलर घेऊन हा मुलगा पाकिटे आणावयास निघाला होता. मी म्हणालो, पाकीट म्हणजे सोडत. त्यापेक्षा एका खेळाडूचा रीतसर प्रस्ताव लिहून आण, मग मंजुरीचे पाहू.

दोन दिवसांनी त्याने वहीचे पान आणून दिले. सिंगल-ए मधील १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप, स्ट्राइकआउट कमी, वॉक बरे, मानांकन पहिल्या शंभरात नाही. तीस डॉलरची दोन स्वाक्षरीची कार्डे घ्यावयाची. मेजर लीगचे बोलावणे येईल त्या आठवड्यात एक विकावयाचे, दुसरे ठेवावयाचे. उरलेले २४० डॉलर बँकेत. पानावर भाच्याने 'शिफारस' म्हणून सही केली, मी 'मंजूर' असे लिहिले. तळघरातील सहा खोकी मात्र विकली नाहीत. ती पुन्हा खाली गेली.

तेव्हापासून दर सोमवारी माझ्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो. पहिल्याच आठवड्यात लिहिले होते: "काल चार वेळा बॅटिंग, तीन स्ट्राइकआउट, एक वॉक. आजोबा, वॉक मोजायचा ना?"