केस गळाले, कारण गव्हात!



लेकीचे केस गळू लागले की आपण आधी तेल-साबणाला दोष देतो. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात २०२४ च्या डिसेंबरअखेर गावोगाव लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! त्यात कॉलेजच्या मुली पुष्कळ. त्यांना चारचौघांत जाणे नको झाले. पहिला संशय पाण्यावर, मग बुरशीवर.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र खाण्यातला गहू तपासून घेतला. रेशनच्या त्या गव्हात सेलेनियम फार निघाले; रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही तेच, आणि जस्त कमी, असे त्यांनी २०२५ साली सांगितले. सेलेनियम शरीराला कणभरच लागते. अती झाले की केस-नखे जातात. पीक ते जमिनीतूनच उचलते.

अर्थात, प्रत्येक केसगळतीचे कारण सेलेनियम नव्हे. एकट्या मुलीचे केस गळत असतील तर रक्तक्षय, थायरॉइड किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप, बाळंतपण यांचा विचार करावा. आपण उसाला खत देण्याआधी माती तपासतो ना? तसेच तेलाच्या बाटल्या बदलण्याआधी रक्त तपासा. आणि गावात एकदम अनेकांचे केस गळाले, तर आरोग्य केंद्राला कळवा. घरातले धान्य टाकू नका, नमुन्यासाठी राखून ठेवा.