हवेची नळी आणि सिलिकोनचे रबर

भरलेला ट्रक घाट चढताना एकाएकी ओढेनासा होतो आणि मागून काळा धूर येऊ लागतो. ड्रायव्हरला शंका येते डिझेल पंपाची. मेकॅनिक केबिन कलती करून पाहतो, तर टर्बोजवळची वीतभर लांबीची रबरी नळी फाटलेली! इंजिनाला डिझेल पूर्वीइतकेच मिळते आहे, हवा मात्र वाटेतच निसटते आहे. म्हणून हा धूर. नळीतून जाते ती निव्वळ हवा. मग तिने रबराचा असा निकाल का लावावा?

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या भराभर मारला, की पंप तापतो हे आपले विद्यार्थी जाणतात. टर्बो हेच काम अखंडपणे करतो. ३० अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०३ केल्विनची हवा घेऊन तिचा दाब दुप्पट केला, तर आदर्श परिस्थितीत तिचे तापमान सुमारे ९६ अंश होते. पण कोणताच टर्बो आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तापमानातील ६६ अंशांची वाढ ९५ अंशांवर जाते आणि हवा १२५ अंशांना बाहेर पडते. आपल्या प्रेशर कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान असते. कुकरची रिंग रोज थोडाच वेळ तापते, तरी काही महिन्यांनी कडक होते. या नळीला तर दिवसभर तापायचे असते.

नैसर्गिक रबराच्या रेणूत कार्बनची लांबलचक साखळी असते आणि तिच्यात ठरावीक अंतराने दुहेरी बंध असतात. उष्णतेत ऑक्सिजन नेमका या जागी घाव घालतो. साखळ्या तुटतात, किंवा एकमेकींत नको तितक्या गुंततात. रबर चिकट तरी होते, नाही तर कडक होऊन तडकते. सिलिकोनची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आलटून पालटून येणाऱ्या अणूंची असते, म्हणजे वाळू आणि काच यांच्याच जातकुळीची. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा मजबूत असतो आणि ऑक्सिजनला शिरकाव करायला दुहेरी बंधही नसतात. त्यामुळे हे रबर सुमारे १८० अंशांपर्यंत दीर्घकाळ टिकते आणि उणे ५० अंशांनाही लवचिक राहते. गंमत अशी, की या संयुगांवर आयुष्यभर काम केलेल्या फ्रेडरिक किपिंग यांना १९३७ सालीही त्यांतून लवकर काही उपयोगाचे निघेल अशी आशा नव्हती. १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रोचो यांनी ती बनवण्याची सोपी रीत काढली आणि चित्र पालटले.

मग प्रत्येक ठिकाणी सिलिकोनच बसवावे का? इथेच फसगत होते. इंजिनाच्या तळातली वाफ बहुधा हवेच्या मार्गातच सोडलेली असते आणि तिच्याबरोबर तेलाचे कण येतात. साधे सिलिकोन तेल शोषून फुगते, मऊ पडते. नळीला बाहेरून तेलाचा घाम सुटतो. अशा ठिकाणी आतून फ्लोरोसिलिकोनचे अस्तर असलेली नळी घ्यावी. शिवाय सिलिकोन फाटायला फार सोपे, म्हणून त्यात कापडाचे तीन-चार थर असतात. पॉलिएस्टरचे कापड बहुतेक ठिकाणी पुरते. तापमान २०० अंशांकडे जात असेल, तर अॅरॅमिड धाग्याचे लागते. टर्बोच्या आधीच्या नळीत हवा गरम नसते, पण तिथे शोषण असते. नळी आत चेपू नये म्हणून तारेचे वेटोळे हवे. या नळीची चीर अधिक वाईट, असे आम्हांला वाटते. टर्बोनंतरची नळी फाटली, तर गाडी लगेच बोलते. ही चिरली, तर फिल्टर चुकवून धूळ गुपचूप आत जाते आणि सिलिंडर झिजून गेल्यावरच कळते.

रंगावर जाऊ नये. निळी किंवा लाल नळी म्हणजे सिलिकोन असे नाही. नळीचा छोटा तुकडा चिमट्यात धरून, उघड्या हवेत जाळून पाहावा: सिलिकोनची पांढरी राख उरते, साधे रबर काजळी सोडत काळे पडते. क्लिपही पाहून घ्यावी. चिरा पाडलेल्या पट्टीची साधी क्लिप मऊ सिलिकोनमध्ये रुतून ते कापते. आतून गुळगुळीत पट्टी असलेली घ्यावी.

तेलाचा गुण वर्गातही दाखवता येईल. सिलिकोनच्या जुन्या झाऱ्याची पट्टी कापून तिची लांबी मोजा, झाकणाच्या बाटलीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. बाटली ज्योतीपासून दूर असावी. पट्टी पुसून उघड्यावर ठेवली, तर पुढच्या काही दिवसांत ती हळूहळू आखडते. रोजची लांबी आलेखावर मांडायला मुलांना सांगावे.