पाटी बदलली, पत्ता तोच!

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात एखाद्या रस्त्याच्या नामकरणाचा विषय निघाला, की मला मुंबईचा लॅमिंग्टन रोड आठवतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर. रस्त्याचं अधिकृत नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घ्यायला लोक आजही 'लॅमिंग्टन'लाच जातात. हॉर्नबी रोडचा मात्र दादाभाई नौरोजी रोड झाला आणि 'डी. एन. रोड' म्हणून चांगला रुळला. (नाव आखूड झालं की टिकतं, असं माझं मत!) आपल्याकडे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाईंचं नाव मिळालं, तरी 'उमवि' तोंडातून जात नाही.

राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्या-रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, ते मात्र योग्यच. बाकी ठिकाणी जुनं नाव पाटीवर खाली बारीक अक्षरात राहू द्यावं.