पीयूसीच्या नळीला न कळणारा धूर

पुण्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पीयूसीच्या व्हॅनसमोर दुचाक्यांची रांग लागली आहे. एक जुनी, कार्बोरेटरवाली मोटारसायकल पुढे येते. तपासणारा मुलगा ती न्यूट्रलवर चालू ठेवायला लावतो, धातूची नळी सायलेन्सरमध्ये आत सारतो आणि पडद्याकडे बघत थांबतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा झरझर चढतो, वरखाली होतो, मग स्थिरावतो. 2000 नंतरच्या अशा गाडीला 3.5 टक्क्यांची मर्यादा आहे. आकडा तिच्या बराच खाली राहतो. नंबरप्लेटचा फोटो, हातात कागद, पुढची गाडी.

तो आकडा खाली राहायला पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचाही हातभार लागतो. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे 35 टक्के भाग ऑक्सिजनच असतो. कार्बोरेटर ठरल्या मापानेच इंधन सोडतो, त्यामुळे ई20मधला, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधला, ऑक्सिजन जादाचा ठरतो आणि अर्धवट जळणं कमी होतं. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यात कार्बन मोनॉक्साइडची ही घट दुचाकींसाठी 50 टक्के, चारचाकींसाठी 30 टक्के धरली आहे. नव्या बीएस-6 गाड्यांत मात्र ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सतत जुळवत असतो, म्हणून तिथे फरक कमी पडतो.

सिग्नलवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोलिसासाठी ही घट मोलाचीच आहे.

पण दुचाकीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन एवढंच मोजतात. इथेनॉलमुळे वाढणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड तिथे वेगळं दिसत नाही, नायट्रोजनचे ऑक्साइडही नाहीत. त्यासाठी गाडी वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेत नेऊन रोलरवर पळवावी लागते, धूर पिशव्यांत भरून तपासावा लागतो. आणि उन्हात ओझोन तयार होतो तो याच वायूंपासून.

ब्राझीलच्या साओ पावलोत याचा शहरभर पडताळा आला. तिथल्या बहुतेक नव्या गाड्या पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालतात. 2009 ते 2011च्या दरम्यान इथेनॉल महागलं, लोक पेट्रोलकडे वळले आणि ओझोन सुमारे 20 टक्क्यांनी उतरला, असं अल्बेर्तो साल्व्हो आणि फ्रांझ गायगर यांनी 2014 मध्ये दाखवलं. याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह केलेल्या 2017च्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली: पेट्रोलचा वापर वाढला की अतिसूक्ष्म कणही वाढतात. तिथल्या पंपावरचं इथेनॉल जवळपास शुद्ध असतं, त्यामुळे ते आकडे ई20ला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. म्हणून तर इथली मोजणी इथेच व्हायला हवी. देशाच्या 2009च्या हवा-मानकांत 12 प्रदूषकं आहेत. त्यांत ओझोन आहे, अ‍ॅसिटाल्डिहाइड नाही.