‘शेष’ शब्दाचे मोल

नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांचे ‘भाग’, ‘शेष’ असे निरनिराळे प्रकार केले. हा भेद गिरगावातील कापडाच्या दुकानातही तितकाच मोलाचा.

६० मीटरच्या ताग्यातील १/३ कापड सकाळी विकले गेले, संध्याकाळी १/४. हा चतुर्थांश शेषाचा असेल, तर ६० × १/३ = २० वजा जाता ४० उरतात; ४० × १/४ = १० वजा जाता शिल्लक ३०. मूळ ताग्याचा असेल, तर ६० × १/४ = १५ वजा होऊन शिल्लक २५.

मूळचा चतुर्थांश विकून वहीत शेषाचा मांडला, की पाच मीटर कापड कमी भरते आणि संशय विनाकारण नोकरावर जातो. भावांच्या वाटणीत अशीच तफावत मने दुखावते. म्हणून गुणाकार-वजाबाकीपूर्वी मुलांना एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हा अंश कशाचा?