टाकी अर्धी, धोका मोठा

मार्च उलटला की शहरांच्या कडेच्या वस्त्यांमध्ये आणि मराठवाड्यातल्या गावांमध्ये पाण्याच्या गाड्यांची ये-जा वाढते. मोठा टँकर अरुंद गल्लीत शिरत नाही, म्हणून पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकची काळी टाकी बसवून पाणी पोहोचवले जाते. अशी गाडी सिग्नलला थांबते, चालक ब्रेकवरचा पाय जरा सैल करतो आणि गाडी फूटभर पुढे सरकते. रस्ता सपाट असतो, ब्रेकही ठीक असतात. गाडीला ढकललेले असते ते टाकीतल्या पाण्याने. नेमके त्याच वेळी समोरून कोणी रस्ता ओलांडत असेल, तर तो एक फूट महागात पडतो.

सिमेंटची पोती किंवा विटा नीट बांधल्या की त्या गाडीबरोबर धावतात आणि गाडीबरोबरच थांबतात. पाण्याचे तसे नाही. ब्रेक लागल्यावर गाडी थांबते. पाणी मात्र आधीच्या वेगानेच पुढे जाऊ पाहते. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत थांबवली, तर पाण्याचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी तिरका होऊ पाहतो. म्हणजे दोन मीटर लांबीच्या टाकीत पुढच्या टोकाचे पाणी मागच्या टोकापेक्षा जवळजवळ एक मीटर वर चढायला बघते. ही लाट मागे जाऊन पुन्हा पुढे येते. एवढ्या लांबीच्या अर्ध्या टाकीत या फेरीला साधारण दोन सेकंद लागतात. म्हणून गाडी थांबल्यानंतरही धक्के बसत राहतात.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. तळाशी थोडेसेच पाणी असेल, तर ते हलते, पण त्याचे वजन कमी असते. निम्म्याच्या आसपास भरलेल्या टाकीत वजनही भरपूर असते आणि जागाही. एका सोसायटीत अर्धे पाणी उतरवून उरलेले दुसरीकडे नेताना गाडी हलकी वाटते, चालक थोडा निर्धास्त होतो. प्रत्यक्षात सांभाळायला अवघड फेरी हीच असते.

वळणावर धोका आणखी वाढतो. पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते आणि गाडीचा तोल त्याच बाजूला झुकतो. समोर खड्डा किंवा दुचाकी आली म्हणून चालकाने स्टिअरिंग झटकन डावीकडे आणि लगेच उजवीकडे फिरवले, तर दुसऱ्या वळणाचा जोर आणि परतणारी लाट एकाच दिशेला येऊ शकतात. गाडी उलटायला तेवढे पुरते. जहाजांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट उलटली आणि १९३ जण दगावले. दार उघडे राहिल्याने वाहनांच्या डेकवर आलेले पाणी एका बाजूला धावले होते.

मग टाकी नेहमी काठोकाठ भरावी का? त्याआधी वजनाचा हिशेब करायला हवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २००० लिटरची टाकी म्हणजे टाकीचे वजन सोडून दोन टन. अनेक छोट्या पिकअपची क्षमता एक ते दीड टनाच्या आसपास असते. जास्त भाराने टायर आणि ब्रेक तापतात, स्प्रिंगा बसतात. दोन हजारांची टाकी अर्धी भरून नेण्यापेक्षा गाडीला पेलेल अशी हजाराची टाकी पूर्ण भरून नेणे केव्हाही बरे. गच्चीवर ठेवायची उभी टाकी मुळात एका जागी उभी राहण्यासाठी असते. वाहतुकीला बसकी, आडवी टाकी घ्यावी, म्हणजे वजन खाली राहते.

दुसरा उपाय टाकीच्या आत आहे. टँकरमध्ये भोके असलेल्या पत्र्यांचे आडवे पडदे बसवतात. त्यांना बॅफल म्हणतात. पाणी भोकांतून हळूहळू जाते आणि लाटेचा जोर मोडतो. डोक्यावरून हंडा आणताना पाण्यावर पानांची डहाळी टाकण्याची जुनी पद्धत याच कामाची. मात्र आडवे पडदे पुढे-मागे जाणारी लाट रोखतात, बाजूची नाही. त्यासाठी टाकी लांबीच्या दिशेने मधोमध बंद भिंतीने विभागली, तर पाणी बाजूला सरकण्याचा परिणाम सुमारे एक चतुर्थांशावर येतो.

बाकीचे चालकाच्या हातात असते. ताशी ४० ऐवजी ६०चा वेग ठेवला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर सव्वादोनपट होते. म्हणून पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवावे, वळणाच्या आधीच वेग कमी करावा, ब्रेक हळूहळू दाबावा आणि थांबल्यावर लाट शांत होईपर्यंत पाय काढू नये. टाकी हौद्याला पट्ट्यांनी घट्ट बांधावी. झाकण आणि नळ बंद आहेत ना, हे पाहावे. सांडलेल्या पाण्यावरून मागची दुचाकी घसरते. चालकाला फेऱ्यांवर पैसे मिळत असतील, तर घाई होणारच. पाणी मागवणाऱ्यांनी दहा मिनिटे उशीर चालवून घेतला, तर तोही सुरक्षेचाच भाग ठरेल.